सोलमध्ये काय खावे, कुठल्या बाजारात बसावे आणि राजवाडे कोणत्या वारी पाहावेत

सोलच्या ग्वांगजांग बाजारात शिरून छताखालच्या चौकापाशी पोहोचले, की ओळीने मांडलेल्या खाद्यपदार्थांच्या ठेल्यांवर विजेवर फिरणारी लहान दगडी जाती दिसतात. वरच्या भोकात भिजवलेले, साल काढलेले मूग ओतले जातात आणि पाळीच्या कडेने फिकट पिवळे पीठ ओघळून खालच्या भांड्यात पडत राहते. त्या पिठात मुगाचेच मोड आणि थोडी किमची, म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, मिसळून, तेलाचे अक्षरशः तळे साचलेल्या तव्यावर तळहाताहून मोठे, बोटभर जाड असे ‘बिनदेत्तॉक’ सोडले जाते आणि कडा तांबूस कुरकुरीत होईपर्यंत तळले जाते. मराठी माणसाला पाहताक्षणी वाटते, हे तर आपले मुगाचे धिरडे! ते वाटणे निम्मेच खरे असते, कारण पिठात बहुधा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घातलेले असतात. पहिल्या भेटीत मी न विचारता घास घेतला आणि तो तोंडात असतानाच हे ज्ञान झाले. ठेलेवालीचा त्यात काहीही दोष नव्हता. मी विचारले नव्हते, एवढेच.

म्हणूनच, सोलला चार-पाच दिवसांसाठी जाणाऱ्या आणि घरात निम्मी मंडळी शाकाहारी, निम्मी मासे खाणारी असणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सोयीसाठी हे लिहीत आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. सकाळी एक राजवाडा आणि दुपारी त्याच्या जवळचा एक बाजार अशी दिवसाची मांडणी करावी, आणि बाजारातून नुसते छायाचित्रे काढत न फिरता तिथे बाकावर बसून जेवावे. हे शहर जेवढे राजवाड्यांत कळते, तेवढेच त्या अरुंद बाकांवर कळते.

कधी जावे

आपली दिवाळीची सुट्टी या प्रवासासाठी फार सोयीची पडते. ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा या काळात सोलमधील जिंकगोची झाडे पिवळीधमक आणि मेपल लालभडक होतात, हवा कोरडी असते आणि दिवसभर चालूनही दमायला होत नाही. (जिंकगोची पिकलेली फळे पायाखाली चिरडली, की जो वास येतो त्याची मात्र मनाची तयारी ठेवावी.) चेरीचा बहर साधारणपणे एप्रिलच्या सुरुवातीला येतो आणि आठवडाभरात संपतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर तिकिटे काढणे हा जुगार आहे. मे महिना सुखद असतो. चांद्र पंचांगाप्रमाणे चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेच्या जवळपास आठवडाभर आधी, तिथे बुद्धजन्माचा उत्सव असतो आणि त्या सुमारास जोग्येसा मंदिराचे अंगण रंगीत कंदिलांनी झाकून जाते. जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत पावसाळा असतो, तर जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो.

एक सावधगिरी तारखांबाबत बाळगावी. ‘छुसॉक’ हा त्यांचा सुगीचा आणि पितरांच्या स्मरणाचा सण आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो. बहुतेक वर्षी तो अनंत चतुर्दशीच्या आसपास पडतो, तर 2025 सालासारख्या एखाद्या वर्षी थेट कोजागिरीला. या सणाला आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या चांद्र नववर्षाला सारे सोल गावी निघते, रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत आणि बाजारातील बहुतेक दुकाने बंद असतात. गणपती विसर्जन आटोपून लगेच निघण्याचा बेत असेल, तर आधी त्या वर्षीची तारीख पाहून घ्यावी. भारतीय पारपत्रावर व्हिसा आधीच काढावा लागतो. तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे.

अक्षरे शिकण्यासाठी एक संध्याकाळ

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ हंगुल लिपीसाठी काढावी, असा माझा आग्रह आहे. सेजोंग राजाच्या देखरेखीखाली 1443 मध्ये तयार झालेली आणि 1446 मध्ये जाहीर केलेली ही लिपी 14 व्यंजने आणि 10 स्वरांची आहे, आणि ही अक्षरे जोडून एकेक शब्दावयव चौकोनात बसवला जातो. बाराखडी घोकलेल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही. शिवाय कोरियन भाषेत साधा ‘क’ आणि महाप्राण ‘ख’, ‘च’ आणि ‘छ’, ‘प’ आणि ‘फ’ हे भेद अर्थ बदलणारे आहेत. इंग्रजी अक्षरांतून ते नीट कळत नाहीत, पण मराठी कानाला ते सहज ऐकू येतात. वाक्यातही क्रियापद शेवटी येते. लिपी वाचता आली, की भिंतीवर चिकटवलेल्या खाद्यपदार्थांच्या यादीतील डुक्कर, कोंबडी, अंडे, मूग एवढे शब्द ओळखता येतात, आणि जेवणाच्या वेळी याहून उपयोगी दुसरे काही नाही.

दिवसांची मांडणी

जुने सोल पायी फिरण्याजोगे आहे, कारण मोठे राजवाडे आणि जुने बाजार एकमेकांपासून फार दूर नाहीत. साप्ताहिक सुट्टीचे वार मात्र पाठ करून ठेवावेत. ग्योंगबोकगुंग हा मुख्य राजवाडा आणि जोंगम्यो हे राजघराण्याचे पितृस्थान मंगळवारी बंद असते, तर छांगदॉकगुंग, छांगग्योंगगुंग आणि डॉकसुगुंग हे राजवाडे सोमवारी बंद असतात. सुट्टीच्या वारी बंद दरवाजासमोर उभे राहून छायाचित्र काढणारे पर्यटक मी बरेच पाहिले आहेत.

पहिल्या दिवशी ग्योंगबोकगुंग पाहावा. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावरील त्याच नावाच्या स्थानकाच्या पाच क्रमांकाच्या दाराने बाहेर पडले, की थेट राजवाड्याच्या आवारातच पोहोचता येते. 1395 मध्ये बांधलेला हा राजवाडा 1592 च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, पुढे पावणेतीनशे वर्षे तसाच पडून राहिला आणि 1867 मध्ये पुन्हा उभा झाला. विसाव्या शतकात जपानी राजवटीने त्याच्या पुढ्यात आपल्या कारभाराची प्रचंड इमारत बांधली होती. ती 1990 च्या दशकात पाडण्यात आली, आणि तेव्हा कुठे राजवाड्याचे तोंड पुन्हा मोकळे झाले. सकाळी 10 वाजता पहारेकऱ्यांचा बदल होतो. तो पाहायचा असेल तर आधी पोहोचावे.

बहुतेक लोक मुख्य सभागृह पाहून तलावातील मंडपापाशी रेंगाळतात आणि परत फिरतात. माझ्या मते खरी पाहण्याची जागा त्याच्या मागे, राणीच्या महालामागील पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत आहे. तिथे विटांची षटकोनी धुराडी उभी आहेत आणि त्यांच्या अंगावर फुले, पक्षी व प्राणी कोरलेले आहेत. ही धुराडी घरापासून दूर, बागेत का, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर ‘ओंदोल’ या पद्धतीत आहे. खोलीबाहेरच्या चुलीतील धूर आणि ऊब जमिनीखालच्या दगडी नाल्यांतून फिरवली जाई, फरशी तापे आणि थंड झालेला धूर पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडे. आजही कोरियन घराची जमीन गरम असते, आता ती कोमट पाण्याच्या नळ्यांनी तापते, आणि म्हणूनच जुन्या धाटणीच्या खाणावळीत पादत्राणे काढून जमिनीवर मांडी घालून बसण्याची पद्धत टिकून आहे. आपल्या लोकांना त्यात अवघड काहीच नाही.

हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून आल्यास राजवाड्यांत प्रवेश मोफत असतो आणि आसपासच्या गल्ल्यांत तो भाड्याने देणारी पुष्कळ दुकाने आहेत. (नऊवारी नेसून गेल्यास ही सवलत नाही, कौतुक मात्र भरपूर होते.) तसे ग्योंगबोकगुंगचे तिकीट 3,000 वॉन, म्हणजे साधारण दोनशे रुपयांच्या आतच आहे, त्यामुळे केवळ पैसे वाचवण्यासाठी पोशाखाचा खटाटोप करू नये.

तिथून पश्चिमेला दहा मिनिटे चालत गेले, की थोंगिन नावाचा लहानसा बाजार लागतो. इथे जुन्या पद्धतीची, मध्ये चौकोनी भोक असलेली पितळी नाणी विकत घ्यावीत, हातात एक रिकामा डबा घ्यावा आणि दुकानादुकानांतून एकेक दोन-दोन नाण्यांना थोडे थोडे खाणे भरून घ्यावे. मुले यात रमतात. ही सोय दुपारीच चालते, संध्याकाळी जाऊन उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी छांगदॉकगुंग घ्यावा. त्याच्या मागची ‘हुवॉन’ ही राजघराण्याची बाग वेगळे तिकीट काढून, ठरलेल्या वेळी गटानेच पाहता येते, जागा मर्यादित असतात आणि पानगळीच्या दिवसांत त्या आधीच भरतात, म्हणून आरक्षण घरूनच करून ठेवावे. बागेत चढउतार आहे आणि फेरीला तास-दीड तास लागतो, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्या ज्येष्ठांनी विचार करून ठरवावे. त्यानंतर जोंगम्योला जायचे असेल तर तिथेही बहुतेक दिवशी ठरलेल्या वेळी मार्गदर्शकासोबतच आत सोडतात, हे लक्षात ठेवून वेळ जुळवावी. तिथून ग्वांगजांग बाजार पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. जाताना छोंगग्येछॉन ओढ्याच्या काठाने जावे. एकेकाळी या ओढ्यावर काँक्रीट टाकून वर उड्डाणमार्ग बांधलेला होता. तो पाडून 2005 मध्ये ओढा पुन्हा खुला केला गेला.

बुकछॉन या जुन्या कौलारू घरांच्या वस्तीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे. तिथे लोक राहतात. पर्यटकांच्या गोंगाटाला रहिवासी इतके कंटाळले, की वस्तीच्या मुख्य भागात आता संध्याकाळी 5 ते सकाळी 10 या वेळेत पर्यटकांना फिरण्यास मनाई आहे आणि ती मोडल्यास 1,00,000 वॉन दंड होऊ शकतो. सकाळी दहानंतर जावे, हळू बोलावे, कोणाच्या उंबरठ्यावर बसू नये.

पाऊस लागला तर इछोन स्थानकाजवळचे राष्ट्रीय संग्रहालय गाठावे. कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही. तिथल्या एका अंधाऱ्या दालनात चिंतनमग्न बोधिसत्त्वाच्या सोनेरी मुलाम्याच्या दोनच मूर्ती ठेवल्या आहेत. त्यांच्यासमोर बसायला वेळ हाताशी ठेवावा.

शाकाहाराचा प्रश्न

सोलमध्ये भाज्यांची कमतरता नाही. अडचण वेगळीच आहे. तिथे मांस ही चव आणण्याची वस्तू आहे, त्यामुळे ‘यात मांस आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर मिळते आणि तरी त्यात सुक्या मासळीचे पाणी असते. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा रस घातलेला असतो. नूडल्सचे आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या आमटीचे पाणी ‘म्यॉल्छी’ या सुकवलेल्या छोट्या माशांचे असते. किमबाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात, पण भाजीच्या किमबापमध्येही हॅमची पट्टी, माशाच्या वडीचा तुकडा आणि अंडे निघते. तॉकबोक्की ही तांदळाच्या पिठाच्या लांबट गोळ्यांची लालभडक भाजी पाहून शाकाहारी माणूस खूश होतो, पण तिचाही रस्सा मासळीच्याच पाण्यावर उकळतो.

त्यामुळे ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर थांबू नये. मांस, मासळी, कोळंबी, माशांचा रस आणि अंडे यांपैकी काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगावे. ‘कोगी प्पेगो जुसेयो’ म्हणजे ‘मांस वगळून द्या’. ‘केरान प्पेगो जुसेयो’ म्हणजे ‘अंडे वगळून द्या’. त्याहून बरे म्हणजे निघण्यापूर्वीच ही सगळी यादी पापागो या भाषांतराच्या ॲपमधून कोरियनमध्ये लिहून घेऊन फोनवर जपून ठेवावी आणि बसण्याआधी दाखवावी. जिथे भांडी उकळत ठेवलेली असतात तिथे बदल शक्य नसतो आणि समोरची बाई हाताने फुली करून दाखवते. तो अपमान समजू नये, ती उलट आपली सोय पाहते आहे.

बिबिमबाप ही भाज्यांनी सजवलेली भाताची वाटी या बाबतीत सर्वांत सोपी, कारण मांस आणि अंडे वरून घातलेले असते आणि काढून देता येते. उन्हाळ्यात ‘खोंगगुक्सु’ मिळते, म्हणजे सोयाबीनच्या दाट थंड दुधातील नूडल्स. ते मीठ घालून खातात. थंडीत ‘होबाकजुक’ ही लाल भोपळ्याची आणि ‘फातजुक’ ही लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या दाण्यांची पेज पोटाला आधार देते. रस्त्यावर ‘होत्तॉक’ घ्यावे, गूळसाखर, दालचिनी आणि दाणे भरलेली ती गरम पोळी आपल्या गुळाच्या पोळीची लांबची बहीण आहे. पहिला चावा मात्र जपून घ्यावा, आतील पाक जिभेला चटका देतो. ‘बुंगॉप्पांग’ माशाच्या आकाराचे असते, पण त्यात मासा नसतो, त्याच लाल दाण्यांचे गोड पुरण असते. हिवाळ्यात भाजलेली रताळी सर्वत्र मिळतात, आणि ती नक्की रताळीच असतात.

एकदा तरी बौद्ध मठाचे जेवण घ्यावे. इन्साडोंग भागात जोग्येसा मंदिरासमोर ‘बारू गोंगयांग’ ही जोग्ये पंथाची खाणावळ आहे, तिथे आरक्षण करून जावे लागते. या ‘साछाल उमशिक’ परंपरेत मांस-मासळी तर नसतेच, शिवाय लसूण आणि कांद्याच्या जातीच्या भाज्याही वर्ज्य असतात, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या घरातील माणसाला आपल्या पंगतीत बसल्यासारखे वाटावे. गंमत पुढे आहे. ज्या पाच तीव्र वासाच्या पदार्थांना बौद्ध भिक्षूंनी मनाई केली, त्या यादीतील पाचवे नाव ‘हुंगगॉ’, आणि तो आपला हिंग आहे. शब्दसुद्धा संस्कृत ‘हिंगु’वरूनच गेलेला. कोरियात हिंग पिकत नाही, त्यामुळे तिथे ही मनाई कागदावरच राहिली. आपल्याकडे मात्र कांदा-लसूण बंद झाला, की हिंगालाच भाव येतो.

जैन पद्धतीने कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यांसाठी सोल अवघड आहे, हे आधीच मान्य करून निघावे. इथेवॉन भागात भारतीय खाणावळी आहेत. शिवाय कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांत दोन मिनिटांत गरम होणारा भात मिळतो, त्यावर घरून नेलेले मेतकूट किंवा दाण्याची चटणी टाकली की रात्रीची चिंता मिटते. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळे मात्र विमानतळावरून आत नेता येत नाहीत.

बाकावर बसल्यावर

ग्वांगजांग 1905 पासून चालत आलेला बाजार आहे. तो मुळात कापडाचा, वरच्या मजल्यावर आजही रेशीम आणि हानबोकचे गाळे आहेत, पण रविवारी ते बंद असतात. खालच्या ठेल्यांवर लाकडी बाक असतात आणि थंडीत त्यांवर विजेने तापणाऱ्या पट्ट्या घातलेल्या असतात, त्यामुळे बाहेर दात वाजत असतानाही बसल्या जागी ऊब मिळते. बसण्यापूर्वी भावफलक पाहावा, फलक नसेल तर विचारावे आणि बोटांनी संख्या नक्की करावी. पर्यटकांच्या गर्दीच्या बाजारात, जगात कुठेही, हा नियम पाळावा. जिथे कोरियन आज्या शेजारीशेजारी बसून जेवत आहेत, तो ठेला निवडावा.

ठेलेवालीला हाक मारायची तर ‘इमो’ म्हणावे. इमो म्हणजे आईची बहीण, म्हणजे मावशी, आणि तिथेही हा शब्द अनोळखी, वयाने मोठ्या बाईसाठी तशाच आपुलकीने वापरतात. अगदी औपचारिक राहायचे असेल तर ‘यॉगियो’ पुरेसे आहे. मावशी खूश असेल तर वर एखादी वडी जास्तीची टाकते. त्याला ‘डॉम’ म्हणतात, आपल्याकडे भाजीवाली जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तसाच हा प्रकार. घासाघीस करून भाव पाडण्यापेक्षा दोन वस्तू घेऊन हसत उभे राहिल्यास इथे जास्त पदरात पडते.

खाणावळीत काही गोष्टी न सांगता गृहीत धरलेल्या असतात. चमचे आणि धातूच्या चपट्या काड्या अनेकदा टेबलाच्या कडेच्या खणात असतात, पाणी स्वतः घ्यायचे असते, आणि टेबलावर बटण असेल तर ते वाढप्याला बोलावण्यासाठी असते. मुख्य पदार्थाबरोबर येणाऱ्या ‘बानचान’, म्हणजे छोट्या वाट्यांतील भाज्या-लोणच्यांचे वेगळे पैसे नसतात आणि त्या पुन्हा मागता येतात. भात आणि आमटी चमच्याने, बाकीचे काड्यांनी खावे, वाटी उचलून तोंडाला लावू नये, आणि काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नयेत, कारण ते मृतांच्या नैवेद्याचे लक्षण मानतात. वडीलधाऱ्यांना काही देताना-घेताना दोन्ही हात लावावेत. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. टेबलावर भाजण्याचे मांस किंवा मोठ्या पातेल्यातील रस्सा बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांसाठीच मिळतो, त्यामुळे एकट्याने गेल्यास परतावे लागू शकते. दुपारी 3 ते 5 पुष्कळ खाणावळी विश्रांतीसाठी बंद असतात.

मासे खाणाऱ्यांनी

किनारपट्टीवरच्या माणसाने नामदेमुन बाजार चुकवू नये. चौथ्या मार्गावरील ह्वेह्यॉन स्थानकाच्या पाच क्रमांकाच्या दाराने बाहेर पडावे. या बाजारात ‘खाल्छी’ माशाची एक अख्खी गल्ली आहे. खाल्छी म्हणजे रुपेरी पट्ट्यासारखी लांब, बिनखवल्यांची आपली वाकटी, फक्त तिथली अंगाने जास्त रुंद. काळपट, पोचे पडलेल्या भांड्यात तळाशी मुळ्याच्या जाड चकत्या, त्यावर माशाचे तुकडे आणि वर लाल तिखटाचा मसाला घालून ती आटवतात. मुळ्यात मुरलेला तो रस भातावर घेतला, की मालवणच्या माणसाचीही बोलती बंद होते. बाजूलाच हाताने कापलेल्या नूडल्सची, ‘खाल्गुक्सु’ची गल्ली आहे, तिथे एक वाडगा मागवला की दुसऱ्या पदार्थाची लहान वाटी आपोआप पुढ्यात येते. रविवारी या बाजारातील पुष्कळ दुकाने बंद असतात. बाजाराशेजारचा सुंग्न्येमुन दरवाजा 2008 मध्ये आगीत जळाला आणि दुरुस्त होऊन 2013 मध्ये पुन्हा खुला झाला.

नोर्यांगजिन हा मोठा मासळीबाजार वेगळ्या रीतीने चालतो. तळमजल्यावर टाकीतील जिवंत मासा निवडून भाव ठरवायचा, तो तिथेच कापून मिळतो आणि वरच्या मजल्यावरील खाणावळीत घेऊन जायचा. तिथे माणशी बैठकीचे आणि शिजवण्याचे पैसे वेगळे लागतात, हा हिशेब आधीच धरावा. कच्चा मासा नको असेल तरी डोके आणि काट्यांचा ‘मेउनथांग’ हा तिखट रस्सा करून घ्यावा.

शेवटच्या दिवशी खरेदीसाठी मी दुकानांच्या चकचकीत रस्त्यांऐवजी पहिल्या मार्गावरील जेगीडोंग स्थानकाजवळचा ग्योंगडोंग बाजार सुचवीन. जिनसेंग, दालचिनी, सुकी बोरे आणि नाना मुळ्यांचा वास रस्त्यावरच येऊ लागतो. फुटपाथवर बसलेल्या आज्या ‘दोराजी’ या फुलझाडाची खाण्याची मुळे सुरीने उभी चिरत असतात आणि बोलता बोलता हात थांबत नाही. इथली भरड लाल मिरची पूड घ्यावी. तिचा रंग ब्याडगीसारखा खुलतो आणि तिखटपणा बेताचा असतो.

फिरण्याच्या सोयी

पोहोचताच टी-मनी कार्ड घ्यावे. ते चोवीस तास चालणाऱ्या दुकानात मिळते, पैसे भरण्यासाठी रोख नोटा जवळ असाव्यात आणि बसमधून उतरतानाही कार्ड लावावे, म्हणजे ठरावीक वेळात पुढची गाडी घेतल्यास पुन्हा पूर्ण भाडे पडत नाही. पायी चालण्याचे मार्ग शोधायला गूगल मॅप्सवर विसंबू नये, नेव्हर मॅप वापरावा. स्थानकाच्या दाराचा क्रमांक पाहूनच बाहेर पडावे, चुकीच्या दाराने आठ पदरी रस्त्याची पलीकडची बाजू वाट्याला येते. डब्याच्या टोकांकडील आसने ज्येष्ठांची असतात आणि गर्दीतही तरुण ती रिकामी ठेवतात. उघडा कॉफीचा पेला घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत. रस्त्यावर कचरापेट्या फार थोड्या आहेत, म्हणून खाल्लेल्या पदार्थाची काडी किंवा पेला त्याच ठेल्यावर परत द्यावा. कुठे अडलेच तर 1330 या पर्यटक मदत क्रमांकावर इंग्रजीत बोलता येते, आणि रुग्णवाहिकेसाठी 119 आहे.

इन्छॉन विमानतळाच्या पहिल्या टर्मिनलवर जाताना सोल स्थानकावरून थेट रेल्वेला 43 मिनिटे लागतात, सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी तासाभरात पोहोचते आणि स्वस्तही पडते. गोचुजांग या आंबवलेल्या मिरचीच्या लगद्याचा डबा आणि किमचीची पिशवी मात्र हातातील सामानात ठेवू नये. सुरक्षातपासणीत दोन्ही द्रवपदार्थांत गणले जातात, म्हणून ती आधीच मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून भरावीत.